बेटावरचा मुक्काम

चारी बाजूंनीं पाणी, मध्यें वाळूचा किंवा झाडीचा एक तुकडा, त्यावर एक तंबू आणि कांठाला बांधलेली एक नाव, हें चित्र शहरांत राहणाऱ्या माणसाला मोठा मोह घालणारें आहे. घराला शेजार असतो, रस्त्याला रहदारी असते, दाराला घंटा असते. बेटाला यांपैकीं कांहींच नसतें. जेथें नावेवांचून कोणी येऊं शकत नाहीं अशा ठिकाणीं दोन दिवस काढावे, तीन दगडांची चूल मांडावी, रात्रीं तारे पाहावे आणि सकाळीं पाण्याच्या आवाजानें जागें व्हावें, ही इच्छा स्वाभाविक आहे. तिची थट्टा करण्याचें कारण नाहीं. परंतु ज्या पाण्यामुळें बेटाला एकांत लाभतो तेंच पाणी परतीची वाटहि आपल्या हातीं ठेवतें, ही गोष्ट तंबूच्या मोहांत बहुधा विसरली जाते. बेटावर जाणें सोपें आहे. तेथून केव्हां निघावें हें ओळखणें कठीण आहे, आणि बेटावरच्या मुक्कामाची सारी विद्या या एका ओळखींत सामावलेली आहे.

भंडारा जिल्ह्यांतील जवाहरनगर ही वसाहत या विषयाच्या विचाराला सोयीची आहे. नागपूर-भंडारा हमरस्त्यालगत १९६४ सालीं सरकारी दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आश्रयानें ही वसाहत वसली. आंखीव रस्ते, सारख्या नमुन्याचीं घरें आणि पाळ्यांच्या वेळांवर चालणारा दिनक्रम, असें तिचें स्वरूप. एकीकडे घड्याळावर चालणारें हें जीवन, आणि दुसरीकडे, थोड्याच अंतरावर, कोणाच्याहि घड्याळाला न जुमानणारी वैनगंगा! अशा वसाहतींतील मुलांना सुटी लागतांच नदीची ओढ लागावी, यांत नवल तें काय? परंतु पुलावरून नदी ओलांडण्याची संवय झालेल्या माणसाला नावेचा कायदा ठाऊक नसतो. पुलावरून वाटेल तेव्हां परत येतां येतें; नावेनें मात्र पाणी, वारा आणि नावाडी हे तिघे राजी असतील तेव्हांच येतां येतें.

बेटावरील शिबिरांच्या इतिहासांत एक प्रसंग जगप्रसिद्ध आहे. १९०७ सालीं ऑगस्ट महिन्याच्या आरंभीं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पूल बंदरांत ब्राउनसी नांवाच्या छोट्या बेटावर बेडन पॉवेल यांनीं सुमारें वीस मुलांचें एक शिबिर भरविलें. त्यांतील कांहीं मुलें श्रीमंतांच्या नामांकित शाळांतून आलेलीं होतीं, तर कांहीं त्या परिसरांतील साध्या कष्टकरी घरांतलीं होतीं. त्यांच्या चार टोळ्या करण्यांत आल्या. लांडगा, बैल आणि दोन पक्षी यांचीं नांवें त्या टोळ्यांना मिळालीं. पहांटे कुडू नांवाच्या आफ्रिकी हरणाच्या शिंगाचा कर्णा फुंकून मुलांना उठवीत. पुढील वर्षीं बालवीरांविषयींचें बेडन पॉवेल यांचें पुस्तक प्रसिद्ध झालें आणि त्या चळवळीचा विस्तार साऱ्या जगभर झाला. बेट निवडण्याचा लाभ उघड होता: बघ्यांची गर्दी नाहीं, घरीं पळून जाण्याची सोय नाहीं, आणि जें कांहीं करावयाचें तें चौघांनीं मिळून केल्यावांचून गत्यंतर नाहीं. जेथें घरचा नोकर पोहोंचूं शकत नाहीं तेथें श्रीमंताच्या मुलालाहि भांडीं घासावींच लागतात.

पण ब्राउनसीच्या भोंवतालचें पाणी समुद्राचें आहे, आणि समुद्राची चढउतार पंचांगांत बसते. आपल्या कोंकण किनाऱ्यावरील कोळी तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ काढतात; एकादशीला सव्वाआठ, अशा हिशेबानें. तो हिशेब सूक्ष्म नसला तरी होडी केव्हां लोटावी हें ठरविण्यापुरता खरा असतो. जंजिऱ्याला किंवा सुवर्णदुर्गाला जाणारा माणूस या गणितावर विसंबूं शकतो. नदीचें असें नाहीं. नदीची भरती कोणत्याच तिथीला बांधलेली नसते. म्हणून समुद्रांतील बेटाचा नियम नदींतील बेटाला लावणें ही जिवावर बेतणारी चूक ठरते.

नदींतील बेटावर कसें राहावें, याचें शास्त्र वैनगंगेच्या कांठीं मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलें आहे. तें कोणत्याहि शिबिरांत जन्मलें नाहीं. तें पोटासाठीं जन्मलें. ढिवर व कहार समाजांतील कुटुंबें पावसाळा सरून नदी ओसरली म्हणजे उघड्या पडलेल्या वाळूच्या बेटांवर आणि पात्राच्या कडेला डांगरवाड्या लावीत आलीं आहेत. हिंवाळ्यांत वाळूंत ओल लागेपर्यंत खड्डे खणावयाचे, डोंग्यांतून आणलेलें शेणखत त्यांत भरावयाचें आणि वर बीं टोंचावयाचें. कोंवळ्या रोपांना वाऱ्याचा आणि उडत्या वाळूचा मारा लागूं नये म्हणून गवताचा आडोसा उभा करावयाचा. टरबूज, डांगर, काकडी यांचे वेल फाल्गुन-चैत्रांत वाळूवर पसरतात, आणि मग फळें राखण्यासाठीं सारें घर बेटावरच राहावयास येतें. कोल्ह्याला पिकलेल्या डांगराचा वास दुरूनहि लागतो; त्यामुळें रात्रीं जागें राहणारें कोणी तरी हवेंच.

त्यांची खोपी म्हणजे बांबूचे चार खांब आणि वर गवत, तुराट्या किंवा पळसाच्या पानांचें छप्पर. खोपींत सामान मोजकेंच: दोन भांडीं, एक घागर, अंथरूण, विळा आणि कुदळ. प्यावयाचें पाणी वाहत्या धारेंतून न घेतां कांठापासून कांहीं हात अंतरावर झिरा खणून घेण्याची चाल आहे. वाळूंतून पाझरून आलेलें तें पाणी नितळ आणि थंड असतें. वाळू दुपारीं तव्यासारखी तापते आणि रात्रीं तितक्याच लवकर निवते, म्हणून उन्हाचें काम सकाळीं आटोपावयाचें आणि निजतांना पांघरूण जवळ ठेवावयाचें. शहरांतील पाहुणा ज्याला सहल म्हणतो तें येथें कांहीं महिन्यांचें घर असतें. लहान मुलें या वाळूवरच चालावयास शिकतात, आणि तोडलेलीं फळें टोपल्यांतून डोंग्यावर आणि डोंग्यावरून बाजारच्या वाटेला लागतात.

या कुटुंबांच्या राहणींतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, त्यांच्या संसाराला आरंभापासून शेवटची तारीख ठरलेली असते. रोहिणी नक्षत्र लागलें कीं आवराआवर सुरू होते आणि मृगापूर्वीं, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आंत, बेट मोकळें होतें. वेलांवर चार फळें उरलीं आहेत म्हणून कोणी थांबत नाहीं. ज्याला निघण्याचा दिवस ठाऊक आहे तोच तेथें निर्धास्तपणें राहूं शकतो.

मधल्या काळांतहि नदीवर नजर असतेच. पाण्याच्या कडेला एक काठी रोंवून तिच्यावरून पाण्याची पातळी पाहणें, हा साधा उपाय जगांतील अनेक नद्यांच्या कांठीं चालतो. निवळ पाणी एकाएकीं गढूळ होणें, त्यावर फेंस आणि काटक्या वाहत येणें, धारेचा आवाज जड होणें, या खुणा म्हणजे वरच्या बाजूला कोठें तरी मोठा पाऊस झाल्याची वार्ता होय. ती वार्ता मिळाल्यावर विचारविनिमय करीत बसावयाचें नसतें. मुलांना आधीं नावेंत बसवावयाचें, सामानाचें मागाहून पाहावयाचें.

डोक्यावर आकाश निरभ्र असतांहि नदी कां फुगते, हें समजण्यासाठीं तिचा उगम पाहावा लागतो. वैनगंगा मध्य प्रदेशांतील सिवनी जिल्ह्यांत मुंडारा गांवाजवळ उगम पावते, बालाघाटाच्या बाजूनें फिरून महाराष्ट्रांत येते, भंडाऱ्यावरून दक्षिणेकडे जाते आणि पुढें वर्धा नदीला मिळून प्राणहिता या नांवानें गोदावरीकडे धांवते. भंडाऱ्यापाशीं येईपर्यंत एका विस्तीर्ण डोंगराळ मुलखाचें पाणी तिच्यांत जमा झालेलें असतें. तेथें रात्रीं पडलेला पाऊस येथें कांहीं तासांनीं, कधीं एक-दोन दिवसांनीं येऊन पोहोंचतो. शिवाय सिवनी जिल्ह्यांतील भीमगड येथें संजय सरोवर नांवाचें धरण आहे. तें भरलें आणि त्याचे दरवाजे उघडावे लागले, कीं नदीच्या चालीला आणखी वेग येतो.

२०२० सालीं ऑगस्टच्या अखेरीस याचा फार कडू अनुभव आला. मध्य प्रदेशांत अतिवृष्टि झाली, वरच्या धरणांतून मोठा विसर्ग सोडावा लागला, आणि महिन्याच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत भंडारा शहराच्या सखल वस्त्यांत पुराचें पाणी शिरलें. शहरालगतच्या कारधा येथील पुलापाशीं नदीची पातळी मोजतात. तेथील धोक्याची रेषा २४५.५० मीटरची आहे. त्या दिवसांत पाणी ही रेषा ओलांडून पुष्कळच वर गेलें. पक्क्या घरांत, आपल्या नेहमींच्या खोलींत झोंपलेल्या माणसांनाहि हातीं लागेल तें घेऊन बाहेर पडावें लागलें. मग वाळूच्या बेटावर, कापडी तंबूंत झोंपलेल्या माणसाची कथा काय? म्हणून पावसाळ्यांत नदीच्या बेटावर मुक्काम करावयाचाच नाहीं, हा नियम अपवाद न ठेवतां पाळला पाहिजे.

आतां या नदीची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. पवनी तालुक्यांत गोसेखुर्द येथें वैनगंगेवर धरण बांधण्यांत आलें. २२ एप्रिल १९८८ रोजीं त्याची पायाभरणी झाली, आणि पुढें २००९ सालीं त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. धरणाला ३३ दरवाजे आहेत. त्याच्या जलाशयाचें पाणी वर अंभोऱ्याच्याहि पलीकडे, भंडाऱ्याच्या बाजूस पसरलें. विदर्भांतील कोरडवाहू शेतीला पाणी मिळावें हा या प्रकल्पाचा हेतु, आणि तो कोणीहि क्षुल्लक म्हणणार नाहीं. परंतु जेथें नदी उन्हाळ्यांत ओसरत असे तेथें पाणी बारा महिने उभें राहूं लागलें. आणि जी वाळू वर येतच नाहीं तिच्यावर डांगर कसें लावावयाचें? शेत गेलें तर सातबाऱ्याचा कागद हातीं उरतो. वाळूचा सातबारा कोणाच्याच नांवें नसतो. जेथें बाप, आजोबा आणि पणजोबा दर वर्षीं मुक्कामाला गेले तें बेट बुडालें, तेव्हां तेथें आपलें कांहीं होतें हें दाखवावें तरी कशानें? उथळ वाहत्या पाण्यांत मासे धरण्याचीं साधनें खोल साठलेल्या पाण्यांत निरुपयोगी ठरतात, हीहि त्यांची दुसरी अडचण. पाणी वाढलें म्हणजे मासेमाऱ्याचें भाग्य उजळलें, असा जो समज घरबसल्या होतो तो किती वरवरचा आहे, हें यावरून दिसतें.

अंभोऱ्याचें उदाहरण आणखी एका दृष्टीनें बोलकें आहे. वैनगंगा, कन्हान इत्यादि पांच नद्यांचा संगम म्हणून हें क्षेत्र प्रसिद्ध आहे. चैतन्येश्वराचें देवालय तेथें आहे, आणि विवेकसिंधुकार मुकुंदराजांचा संबंध एक परंपरा या स्थानाशीं जोडते. येथें पैलतीराला जावयाचें म्हणजे नावेला पर्याय नसे. २०२४ सालीं या पाण्यावर मोठा केबलचा पूल खुला झाला. प्रवाशांची त्यानें मोठीच सोय झाली, यांत संशय नाहीं. परंतु पूल आला कीं नावाड्याला विचारण्याचें कारण संपतें, आणि जें कोणी विचारीत नाहीं तें ज्ञान एका पिढींत नाहींसें होतें.

नदीचें भय वाटतें म्हणून कोणी तलावाकडे वळेल. भंडारा-गोंदिया हा तर तलावांचा मुलूख! नवेगावबांधचा विशाल तलाव अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यांनीं बांधला अशी मान्यता आहे. डोंगरांमधल्या मोकळ्या खिंडी बांध घालून अडविल्या आणि पाणी साठविलें. या तलावांत मालडोंगरी नांवाचें एक बेट आहे, आणि हिंवाळ्यांत दूरदूरचे पाणपक्षी तेथें उतरतात. पूर्वीं भंडारा जिल्ह्यांत असलेला हा भाग १ मे १९९९ पासून गोंदिया जिल्ह्यांत गेला. १९७५ सालीं येथें राष्ट्रीय उद्यान झालें, आणि २०१३ सालीं नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प घोषित झाला. अशा ठिकाणीं वनखात्याच्या परवानगीवांचून पाऊल टाकणेंहि योग्य नव्हे. मग तंबू ठोकण्याची गोष्ट दूरच राहिली. पक्ष्यांनीं ज्या कारणासाठीं बेट निवडलें, म्हणजे तेथें कोणी येत नाहीं, तेंच कारण पाहुण्यानें मोडावें हें बरें नव्हे. शिवाय तलावाचें पाणी स्थिर दिसलें तरी निरुपद्रवी नसतें. मोठ्या उघड्या तलावावर सकाळीं आरशासारखें असलेलें पाणी दुपारच्या वाऱ्यानें खवळतें, आणि जी नाव सकाळीं हंसतखेळत पलीकडे जाते तिला संध्याकाळीं परतणें अवघड होतें. म्हणून अनुभवी नावाडी सकाळची वेळ पसंत करतात.

मग ज्यांना बेटावर मुक्काम करावयाचाच आहे त्यांनीं काय करावें? प्रथम म्हणजे, जेथें परवानगी आहे असें ठिकाण आणि कोरडा ऋतु निवडावा, आणि कांठावरील एका जबाबदार माणसाला, कोण गेलें व केव्हां परत येणार, हें लिहून द्यावें. नाव एकदां सोडून परत जाणार असेल तर मुक्काम करूं नये. नाव आणि नावाडी बेटावरच राहिले पाहिजेत. नावेंत किती माणसें बसवावीं हें नावाड्यानें ठरवावें, पाहुण्यांच्या घाईनें नव्हे. प्रत्येकाच्या अंगांत तरंगण्याचें जाकीट असावें. पोहतां येणाऱ्याच्याहि असावें, कारण वाहत्या पाण्यांत पोहण्याचा गर्वच अधिक बुडवितो. जड सामान तळाशीं, माणसें बसलेलीं, आणि नाव चालू असतां कोणी उभें राहावयाचें नाहीं.

बेटावर उतरल्यावर तंबूची जागा शोभेवरून निवडूं नये. बेटाचें वरच्या प्रवाहाकडील टोंक धारेच्या माऱ्यानें कापलें जातें. खालचें टोंक संथ पाण्यांत वाळू सांठून वाढतें. म्हणून नाव खालच्या टोंकाला लावावी आणि तंबू बेटाच्या सर्वांत उंच जागीं, कडेपासून दूर ठोकावा. वाळूची कड खालून पोंखरलेली असते आणि पायाखालीं एकदम ढासळते. अंधार पडण्यापूर्वीं पाण्याच्या कडेला खुणेची काठी रोंवावी, आणि रात्रीं पाळीपाळीनें उठून ती पाहावी. धरणाच्या खालच्या बाजूस मुक्काम असेल तर पाणी सोडण्याच्या सूचनांची चौकशी आधींच करावी. शिधा एक दिवस अधिक न्यावा, पाणी उकळून प्यावें, चूल वाऱ्याच्या आडोशाला मांडावी आणि निघतांना राख पाण्यानें विझवावी. केरकचरा नावेंतून परत आणावा. नदीनें तो वाहून न्यावा असें म्हणणें म्हणजे खालच्या गांवाच्या घागरींत तो ओतणें होय.

या सर्वांहून मोठा नियम असा कीं, निघण्याचा निर्णय कोण करणार, हें जाण्यापूर्वींच ठरलेलें असावें, आणि त्याच्या शब्दावर वाद होऊं नये. घरच्या मंडळींत वडील माणसाला मान असतो, कारखान्यांत अधिकाऱ्याला असतो. बेटावर तो मान नावाड्याचा आहे. सुशिक्षित माणसाला हें कित्येकदां रुचत नाहीं. ज्याला लिहितांवाचतां येत नसेल त्यानें "चला" म्हणावें आणि आपण अर्धवट शिजलेला भात टाकून उठावें, यांत त्याला कमीपणा वाटतो. परंतु त्या एका शब्दामागें कित्येक पावसाळ्यांची जाण असते, आणि तंबूंतील मुलांचे प्राण त्या जाणिवेच्या स्वाधीन असतात.

वैनगंगेच्या वरच्या अंगास, जेथें अजून उन्हाळ्यांत वाळू उघडी पडते, तेथें ही जाण कोठें कोठें टिकून आहे. जलाशयाच्या कांठीं ती म्हाताऱ्यांच्या आठवणींत उरली आहे. जवाहरनगरसारख्या वसाहतींतील शाळांनीं मुलांची सहल काढतांना, तंबू आणि दोर गोळा करण्यापूर्वीं, अशा एखाद्या वृद्ध ढिवराला शाळेंत बोलवावें, खुर्ची द्यावी, आणि मुलांना त्याच्याकडून ऐकूं द्यावें. मुलें त्याला मासे किती मोठे होते, कोल्हे किती येत, असें पुष्कळ कांहीं विचारतील, आणि तें विचारावेंहि. परंतु शिक्षकांनीं त्यांच्याकडून एक प्रश्न अवश्य विचारून घ्यावा: "आजोबा, बेट सोडण्याची वेळ झाली हें तुम्हांला कशावरून कळे?"